कॅमेऱ्यातला फोटो घरच्या घरी कागदावर : छोट्या फोटो प्रिंटरचा नीट वापर कसा करावा

आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी अजूनही ‘फोटो धुऊन आणले का?’ असेच विचारतात. रोल गेला, धुणेही गेले. पण त्या प्रश्नामागची अपेक्षा, म्हणजे फोटो हातात धरता यावा, देवघराशेजारच्या भिंतीवर लावता यावा, पाकिटात घालून गावी पाठवता यावा, ती काही गेलेली नाही. बारशाचे, साखरपुड्याचे, गौरी-गणपतीला जमलेल्या घराचे फोटो मात्र कॅमेऱ्याच्या कार्डात वर्षानुवर्षे पडून राहतात, कारण त्यांतले दहा-बारा निवडून स्टुडिओत नेण्याचा मुहूर्त कधी लागतच नाही. घरात ठेवता येणारा छोटा फोटो प्रिंटर ही अडचण दूर करतो, परंतु तो विकत आणला म्हणजे काम झाले असे नव्हे. काही वर्षांच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की, घरी छापलेला फोटो चांगला येणार की वाया जाणार, हे बहुतेक वेळा छपाईचे बटण दाबण्यापूर्वीच ठरलेले असते. म्हणून या लेखात प्रिंटरइतकीच, किंबहुना थोडी अधिकच, जागा कॅमेऱ्यात करायच्या तयारीला दिली आहे.

कॅमेऱ्यासाठी कोणता प्रिंटर घ्यावा

‘पोर्टेबल फोटो प्रिंटर’ या एकाच नावाखाली तीन अगदी वेगळ्या पद्धतींची यंत्रे विकली जातात. पहिली पद्धत झिंकची. हिच्यात शाई नसते. रंगाचे थर कागदातच असतात आणि उष्णता लागली की ते उमटतात. हे प्रिंटर खिशात मावतात, कागद बहुधा ५० × ७६ मिलिमीटरचा असतो आणि ते प्रायः मोबाइलवरूनच चालतात. दुसरी पद्धत फुजीफिल्मच्या इन्स्टॅक्स लिंक प्रिंटरची. तिथे खरी इन्स्टंट फिल्म आत प्रकाशित होते आणि बाहेर आल्यावर दीड-दोन मिनिटांत हळूहळू चित्र दिसू लागते. इन्स्टॅक्स मिनी फिल्मवर चित्राचा आकार जेमतेम ६२ × ४६ मिलिमीटर असतो. मुलांच्या वाढदिवसाला वाटण्यासाठी ही दोन्ही यंत्रे मजेची आहेत, पण डिजिटल कॅमेऱ्याने काळजीपूर्वक काढलेल्या फोटोला एवढ्याशा कागदावर न्याय मिळत नाही, असे मला वाटते.

तिसरी पद्धत डाय-सब्लिमेशनची. हिच्यात रिबन नावाच्या रंगीत फितीवरचा कोरडा रंग उष्णतेने कागदात शिरतो. कॅमेरा असलेल्या घराने हीच निवडावी. या प्रकारात कॅननचे सेल्फी प्रिंटर सर्वाधिक परिचित आहेत (स्वतःच स्वतःचा काढलेल्या फोटोशी या नावाचा संबंध नाही, नावामुळे दुकानात मात्र गमतीदार गोंधळ होतो). त्यातले सीपी १३०० आणि २०२२ मध्ये आलेले सीपी १५०० हे नमुने पुढच्या विवेचनासाठी मी उदाहरण म्हणून धरले आहेत. वजन साधारण साडेआठशे ग्रॅम, स्वतःचा छोटा पडदा आणि, आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, एसडी कार्ड घालण्याची खाच. मोबाइल नाही, संगणक नाही, इंटरनेट नाही, तरी कॅमेऱ्यातले कार्ड काढून प्रिंटरमध्ये घातले की फोटो छापता येतो. प्रिंटर कोणत्याही कंपनीचा घ्या, पण ही खाच आहे का, एवढे विकत घेताना जरूर पाहा.

शाईचा नेहमीचा रंगीत प्रिंटर घरात असताना हा वेगळा कशाला, असा प्रश्न पडू शकतो. रोज छपाई होत असेल, तर तो प्रिंटर उत्तमच आहे. पण तीन-चार महिन्यांतून एकदा फोटो छापणाऱ्या घरात त्या प्रिंटरच्या तोंडाशी शाई वाळून बसते आणि ऐन सणाच्या दिवशी निळा रंगच गायब होतो. डाय-सब्लिमेशनमध्ये रंग कोरड्या रिबनवर असल्यामुळे वाळण्याचा प्रश्नच येत नाही. सहा महिन्यांनी कपाटातून काढला, तरी पहिलाच फोटो ठीक येतो.

कागद आणि रिबन यांचे गणित

या प्रिंटरमध्ये कागद आणि रिबन जोडीनेच विकली जातात. पोस्टकार्ड आकाराचा, म्हणजे १०० × १४८ मिलिमीटरचा, कागद सर्वांत सोयीचा. त्याच्या मोठ्या पाकिटात १०८ कागद आणि प्रत्येकी ५४ फोटोंच्या दोन रिबन कॅसेट येतात, तर छोट्या पाकिटात ३६ कागद आणि त्यांना पुरेल एवढी रिबन असते. रिबनवर प्रत्येक फोटोसाठी पिवळा, किरमिजी, निळा आणि शेवटी पारदर्शक लेप असे चार तुकडे ओळीने ठरलेले असतात. रात्रीच्या आरतीचा काळोखा फोटो असो की पांढऱ्या भिंतीपुढचा उजळ फोटो असो, रिबन तेवढीच खर्च होते. त्यामुळे एका फोटोचा खर्च काढणे अगदी सोपे आहे : पाकिटाची किंमत भागिले कागदांची संख्या. हा आकडा जवळच्या स्टुडिओच्या दरापेक्षा बहुधा जास्त निघतो. मोठ्या समारंभाचे दोन-तीनशे फोटो करायचे असतील, तर सरळ स्टुडिओतच जावे.

कागद आणि रिबन यांची संख्या जुळलेली असल्यामुळे एक कागद अडकून फाटला, तर बहुधा रिबनचे चार तुकडेही त्याच्याबरोबर वाया जातात. स्वस्तातली ‘चालणारी’ रिबन किंवा दुसराच चकचकीत कागद घालून पाहण्याचा मोह मात्र टाळावा. रंग कागदावरच्या ज्या थरात शिरायचा असतो, तो थर त्या रिबनसाठीच घडवलेला असतो. साध्या फोटोपेपरवर तो शिरणार नाही.

प्रिंटर मांडणे आणि कागद भरणे

प्रिंटर सपाट, न हलणाऱ्या टेबलावर ठेवावा आणि त्याच्या मागे किमान वीतभर जागा मोकळी सोडावी. एक फोटो छापताना कागद चार वेळा पुढे-मागे जातो आणि दरवेळी तो प्रिंटरच्या पाठीमागून बाहेर डोकावतो. मागे भिंत, पडदा किंवा वायरींचा गुंता असला, तर कागद तिथे अडतो आणि रंगांचे थर एकमेकांवर नीट बसत नाहीत. फोटोत माणसाच्या कडेला निळी किंवा लाल सावली दिसली, तर पहिला संशय या जागेवरच घ्यावा.

रिबन कॅसेट बसवण्यापूर्वी तिची फीत सैल तर नाही ना, हे पाहावे. सैल असल्यास कॅसेटवरील बाणाच्या दिशेने दातेरी चाक हलकेच फिरवून फीत ताठ करावी, पण गरजेपेक्षा जास्त फिरवू नये, नाहीतर फीत ताणून तुटते किंवा एका फोटोची रिबन पुढे निघून जाते. फितीच्या रंगीत भागाला बोट लावू नये. हात नुकतेच तेलाचे किंवा घामाचे झाले असतील, तर आधी धुऊन पूर्ण कोरडे करावेत.

कागदाच्या ट्रेमध्ये एका वेळी १८ च कागद भरायचे असतात. चकचकीत बाजू वर, हा नियम वाचायला सोपा आणि विसरायला त्याहून सोपा आहे. पहिल्याच दिवशी घरातल्या सगळ्यांना भोवती उभे करून मी कागद उलटा भरला होता. परिणामी एक कागद आणि एका फोटोची रिबन गेली, शिवाय शोभा झाली ती वेगळीच. कागद कडांना धरून उचलावा. त्याच्या दोन्ही टोकांना टिकलीसारख्या छिद्रांच्या ओळीने वेगळ्या होणाऱ्या पट्ट्या असतात. छपाईच्या वेळी यंत्राला कागदावर पकड मिळावी म्हणून त्या ठेवलेल्या असतात. त्या आधीच मोडू नयेत. एकदा छापलेला कागद पुन्हा ट्रेमध्ये घालू नये. छापलेले फोटो ट्रेच्या झाकणावर येऊन साचतात. तेही अठरापेक्षा जास्त होऊ देऊ नयेत, कारण वरचे फोटो मग पुढच्या कागदाची वाट अडवतात.

कॅमेऱ्यात करायची तयारी

सर्वांत आधी फाइलचा प्रकार तपासावा. कार्डावरून थेट छापताना प्रिंटर जेपेग फाइल वाचतो. तुम्ही केवळ रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या, स्वरूपात फोटो काढत असाल किंवा नव्या कॅमेऱ्यात एचईआयएफ हा फाइलचा नवा प्रकार निवडलेला असेल, तर प्रिंटरच्या पडद्यावर काहीच दिसणार नाही आणि कार्ड बिघडले अशी उगीच धास्ती बसेल. घरी छपाई करायची असेल त्या दिवशी ‘रॉ अधिक जेपेग’ असे ठेवावे. आधीच रॉमध्ये काढलेले फोटो असल्यास बऱ्याच कॅमेऱ्यांत पाहण्याच्या मेनूमधूनच त्यांची जेपेग प्रत करता येते, त्यासाठी संगणक लागत नाही.

दुसरी गोष्ट रंगक्षेत्राची, म्हणजे फाइलमध्ये रंगांचा किती पल्ला साठवायचा याची. कॅमेऱ्यात एसआरजीबी आणि अडोबी आरजीबी असे दोन पर्याय असतात. दुसरा पर्याय ‘अधिक चांगला’ म्हणून कोणीतरी सांगितलेला असतो, पण घरच्या छोट्या प्रिंटरवर त्यातले फोटो फिकट, मातकट उमटण्याचा संभव असतो. जुने फोटो कोणत्या रंगक्षेत्रात काढले होते, हे ओळखण्याची एक युक्ती आहे : कॅमेऱ्याने अडोबी आरजीबीमध्ये जतन केलेल्या फाइलचे नाव अधोरेखेने, म्हणजे खालच्या आडव्या रेघेने, सुरू होते. छपाईसाठी एसआरजीबी हाच पर्याय ठेवावा.

तिसरी गोष्ट लांबी-रुंदीच्या प्रमाणाची, आणि सर्वाधिक फोटो इथेच बिघडतात. पोस्टकार्ड कागदाचे प्रमाण १.४८ आहे. डीएसएलआर आणि बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांचे ३:२ हे प्रमाण, म्हणजे १.५, त्याच्या इतके जवळ आहे की कापाकापी जवळजवळ होत नाही. परंतु पुष्कळसे छोटे कॉम्पॅक्ट कॅमेरे आणि मायक्रो फोर थर्ड्स कॅमेरे ४:३ प्रमाणात फोटो काढतात. असा आडवा फोटो बिनकिनारीचा छापला, तर उंचीतला साधारण १० टक्के भाग जातो, म्हणजे वरून पाच आणि खालून पाच. साखरपुड्याच्या गटफोटोत मागच्या रांगेतल्या उंच काकांचे कपाळ आणि पुढे बसलेल्या मुलांचे पाय नेमके या पाच-पाच टक्क्यांत असतात. यावर दोन उपाय आहेत. एक तर कॅमेऱ्यातच प्रमाण ३:२ करून घ्यावे, म्हणजे फोटो काढतानाच चौकट खरी दिसते. किंवा प्रिंटरच्या पडद्यावर फोटो सरकवून व लहान-मोठा करून काय कापले जावे हे आपण ठरवावे. प्रमाण कोणतेही असले, तरी बिनकिनारीच्या छपाईत चारही कडांचा थोडा भाग जातोच. म्हणून फोटो काढताना डोक्यांच्या वर थोडी जास्त हवा सोडण्याची सवय लावून घ्यावी. काहीच जायला नको असेल, तर पांढरी किनार ठेवून छापावे. जुन्या अल्बमांसारखी ती किनार मला स्वतःला आवडते.

मेगापिक्सेलची चिंता मात्र मनातून काढून टाकावी. हा प्रिंटर इंचाला ३०० ठिपक्यांनी छापतो. त्या हिशेबाने पूर्ण पोस्टकार्डासाठी सुमारे १७४८ × ११८१ पिक्सेल लागतात, म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेल. कपाटात पडलेला पंधरा वर्षांपूर्वीचा कॅमेरासुद्धा त्यासाठी पुरून उरतो. याचा दुसरा फायदा असा की, २४ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी ६००० पिक्सेल असल्यामुळे तिच्या एक तृतीयांश एवढाच तुकडा कापून घेतला, तरी तो स्पष्ट छापला जातो. पंगतीच्या फोटोतून एकट्या आजीचा हसरा चेहरा वेगळा काढून छापता येतो, तो यामुळेच.

राहिला कॅमेऱ्याचा पडदा. तो पाठीमागून उजळलेला असतो आणि कागद मात्र खोलीतल्या उजेडावर अवलंबून असतो. त्यामुळे पडद्यावर छान दिसणारा फोटो कागदावर काळवंडलेला वाटतो आणि दोष प्रिंटरला दिला जातो. कॅमेऱ्याच्या पडद्याची चकाकी ‘आपोआप’ किंवा ‘उन्हासाठी’ अशी न ठेवता मधल्या पातळीवर पक्की करावी. घरातल्या, संध्याकाळच्या आणि सावळ्या चेहऱ्यांच्या फोटोंना छपाईत एखादी पायरी जास्त उजेड द्यावा लागतो, हा माझा आजवरचा अनुभव आहे.

कार्ड, वाय-फाय की मोबाइल?

कार्डाचा मार्ग सर्वांत खात्रीचा. कॅमेरा बंद करून कार्ड काढावे, प्रिंटर चालू करून त्याच्या खाचेत ते घालावे, पडद्यावर फोटो दिसू लागले की बाणांच्या बटणांनी हवा तो निवडून प्रतींची संख्या ठरवावी आणि छपाईचे बटण दाबावे. मायक्रो एसडी कार्ड असल्यास अडॅप्टर लागतो. महागड्या कॅमेऱ्यांतली सीएफएक्सप्रेस कार्डे मात्र इथे बसत नाहीत. अशा कॅमेऱ्यात दुसरी खाच एसडीची असेल, तर जेपेग तिकडे साठवावेत. छपाई चालू असताना कार्ड ओढून काढू नये आणि समारंभाचे फोटो असतील, तर छपाईला बसण्यापूर्वी त्यांची एक प्रत संगणकावर करून ठेवावी. संगणकावर सुधारलेला फोटो परत कार्डावर टाकताना तो डीसीआयएम या फोल्डरच्या आतल्या फोल्डरमध्ये, जेपेग स्वरूपात, साधी रोमन अक्षरे व अंक असलेल्या छोट्या नावाने ठेवावा.

कॅमेऱ्यातून बिनतारी छपाई करण्यासाठी पिक्टब्रिज नावाचा प्रमाणित संकेत आहे. २००३ साली तो आला तेव्हा कॅमेरा आणि प्रिंटर वायरीने जोडावे लागत आणि त्याची मोठीच सोय वाटे, कारण वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे त्याद्वारे एकमेकांशी बोलू लागली. आता तेच काम वाय-फायवरून होते. प्रिंटरच्या वाय-फाय मेनूत थेट जोडणी निवडली की पडद्यावर त्याच्या जाळ्याचे नाव आणि पासवर्ड दिसतो. कॅमेऱ्याच्या वाय-फाय मेनूत प्रिंटरचे चिन्ह निवडून ते जाळे शोधावे आणि पासवर्ड घालावा. एकदा जोडणी झाली की बहुतेक कॅमेरे ती लक्षात ठेवतात. ही सोय कॅननच्याच वाय-फाय कॅमेऱ्यांवर सहज मिळते. दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा असेल, तर त्या खटपटीत न पडता कार्डच काढावे. घरच्या राउटरमार्फत जोडायचे असल्यास २.४ गिगाहर्ट्झचे जाळे निवडावे, कारण ५ गिगाहर्ट्झचे जाळे या प्रिंटरला दिसत नाही.

मोबाइलच्या मार्गाने जायचे असल्यास एक खबरदारी घ्यावी. कॅमेऱ्याचे अ‍ॅप मोबाइलवर फोटो पाठवताना पुष्कळदा दोन मेगापिक्सेलची लहान प्रत पाठवते. वर केलेल्या हिशेबाप्रमाणे पूर्ण फोटो छापायला ती पुरते, पण त्यातला चेहरा कापून मोठा करायला पुरत नाही. तेव्हा अ‍ॅपमध्ये मूळ आकार निवडावा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेला फोटो, मूळ फाइल घरात असताना, कधीही छापू नये. तो इतका दाबला जातो की केसांचा आणि पैठणीच्या जरीचा तपशील पुसट होतो.

छपाई चालू असताना

बटण दाबल्यावर कागद आत ओढला जातो आणि खरी गंमत सुरू होते. छपाईच्या डोक्यात सूक्ष्म तापकांची ओळ असते. तापक जितका तापतो, तितका रंग रिबनवरून वायुरूप होऊन कागदाच्या थरात शिरतो. आधी हळदीसारखा पिवळा फोटो बाहेर डोकावतो, दुसऱ्या फेरीत त्यावर किरमिजी चढतो, तिसऱ्या फेरीत निळा चढला की माणसे जिवंत होतात आणि चौथ्या फेरीत वरून पारदर्शक लेप बसतो. प्रत्येक रंगाच्या २५६ छटा तापमानावरच घडत असल्यामुळे ठिपक्यांची जाळी दिसत नाही आणि ३०० हा आकडा कमी वाटला, तरी चित्र सलग दिसते. सीपी १५०० वर पोस्टकार्डाला सुमारे ४१ सेकंद लागतात, सीपी १३०० वर थोडा जास्त वेळ. या वेळात कागद ओढू नये, मुलांना ओढू देऊ नये. चौथी फेरी संपून तो ट्रेवर येऊन पडेपर्यंत फोटो पूर्ण झालेला नसतो.

फोटो बाहेर आला की कोरडाच असतो. टोकाच्या पट्ट्या छिद्रांच्या रेषेवर एकदा पुढे, एकदा मागे दुमडून मग अलगद तोडाव्यात, म्हणजे कड सरळ राहते.

मध्येच वीज गेली, तर कागद आतच राहतो. वीज आल्यावर प्रिंटर चालू केला की तो कागद बाहेर टाकतो. तसे न झाल्यास एकदा बंद करून पुन्हा चालू करावा, पण चिमट्याने किंवा सुरीने आत खुपसून ओढाताण करू नये. तरीही निघाला नाही, तर सेवा केंद्र गाठावे. विजेचा भरवसा नसलेल्या गावी प्रिंटर न्यायचा असेल, तर वेगळी विकत मिळणारी बॅटरी घ्यावी. ती पूर्ण भरलेली असली की एका बैठकीला पुरतील इतके फोटो निघतात. इन्व्हर्टर असलेल्या घरात तीही लागत नाही.

एका कागदावर चार चाचण्या

उजेड किती वाढवावा हे ठरवताना पाच-सहा कागद सहज वाया जातात. त्याऐवजी मी असे करतो : एकाच फोटोच्या संगणकावर चार प्रती करतो, पहिली जशीच्या तशी आणि पुढच्या तीन क्रमाने थोड्या-थोड्या उजळ. मग त्या कार्डावर टाकून प्रिंटरच्या मेनूतून ‘एका कागदावर चार’ ही मांडणी निवडतो. एका कागदात चार पर्याय शेजारीशेजारी मिळतात. हा कागद पिवळ्या दिव्याखाली न पाहता दिवसा खिडकीशी उभे राहून पाहावा. सर्वांत बरी दिसणारी प्रत कितवी आहे, ते त्याच्या मागे लिहून तो प्रिंटरच्या पिशवीतच ठेवून द्यावा. पुढच्या वेळी, निदान तशाच उजेडात काढलेल्या फोटोंसाठी, अंदाज करावा लागत नाही.

रंग आपोआप सुधारण्याचा पर्याय समारंभाच्या फोटोंना बहुधा मानवतो. सूर्यास्त, समया किंवा हळदीचा कार्यक्रम असेल, तर तो बंद करावा, नाहीतर प्रिंटर त्या सोनेरी उजेडालाच दोष समजून तो पुसून टाकतो. पृष्ठभाग चकचकीत हवा की सॅटिनसारखा मंद, हेही मेनूतून ठरवता येते. ज्या फोटोंवर पुष्कळ हात लागणार आहेत, त्यांना मंद पृष्ठभाग द्यावा, बोटांचे ठसे कमी दिसतात.

ओळखपत्राचे फोटो

शाळेचे प्रवेश, बँक, परीक्षा अर्ज यांसाठी पासपोर्ट आकाराचे फोटो वर्षभर लागतच असतात आणि या एका कामावर प्रिंटरचा खर्च बराचसा भरून निघतो. आपल्याकडे प्रचलित ३५ × ४५ मिलिमीटरचा आकार पोस्टकार्डावर आडवे चार आणि उभे दोन असा मांडला, तर एका कागदात आठ फोटो बसतात. अमेरिकी व्हिसासाठी लागणारे दोन इंची चौकोनी फोटो मात्र दोनच बसतात. प्रिंटरच्या मेनूत ओळखपत्राच्या फोटोची मांडणी तयारच असते, तिथे आकार निवडून चेहरा चौकटीत बसवायचा असतो.

फोटो काढताना माणसाला पांढऱ्या भिंतीपासून हात-दीड हात पुढे उभे करावे, म्हणजे भिंतीवर सावली पडत नाही. फ्लॅश बंद ठेवून समोरच्या खिडकीचा उजेड घ्यावा आणि कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर धरावा. अगदी जवळून काढल्यास नाक मोठे दिसते, म्हणून चार-पाच पावले मागे जाऊन झूम वापरावा. छापल्यावर कापण्यापूर्वी एक फोटो पट्टीने मोजून पाहावा. कापायला कात्रीपेक्षा स्टीलची पट्टी आणि कटर बरा. ज्या अर्जासाठी फोटो हवा आहे, त्यातल्या आकाराच्या आणि पार्श्वभूमीच्या अटी मात्र आधी वाचाव्यात.

उन्हाळा, पावसाळा आणि धूळ

या प्रिंटरसाठी ५ ते ४० अंश सेल्सिअस हे तापमान योग्य मानले आहे. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे दुपारी खोलीचा पारा सहज त्याच्या वर जातो, तेव्हा छपाई सकाळी उरकावी. सलग वीस-पंचवीस फोटो छापताना प्रिंटर मध्येच थांबला, तर तो बिघडलेला नसून थंड होत असतो, थोडे थांबावे. एसीच्या खोलीतून दमट पडवीत आणलेला प्रिंटर लगेच चालू करू नये, आत दव धरते.

कोकणातल्या पावसाळ्यात कागद दमट होऊन वळतो आणि वळलेला कागद अडकतो. उघडलेल्या पाकिटातले कागद सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात आडवे ठेवावेत. काम झाल्यावर कागदाचा ट्रे आणि रिबन कॅसेट प्रिंटरमध्ये तशीच ठेवून देऊ नये. दोन्ही काढून स्वतंत्र पिशव्यांत घालावीत आणि झाकणे बंद करावीत. फोटोवर अचानक बारीक पांढरे ठिपके दिसू लागले, तर ते धुळीचे काम असते : धुळीचा कण रिबन आणि कागद यांच्यामध्ये आला की तेवढ्या जागी रंग पोचत नाही. झाडलोट चालू असताना किंवा पंख्याच्या थेट झोतात छपाईला बसू नये.

फोटो जपणे आणि रिबन टाकणे

वरच्या पारदर्शक लेपामुळे पाण्याचा शिंतोडा किंवा बोटाचा डाग कोरड्या मऊ कापडाने पुसता येतो. पण या रंगांना तीन गोष्टी सोसत नाहीत : थेट ऊन, स्पिरिटसारखे द्रव आणि मऊ प्लास्टिक. टेबलावरच्या प्लास्टिकच्या चादरीखाली सरकवलेला, पीव्हीसीच्या पाकिटात वर्षभर राहिलेला किंवा दर्शनी बाजूने सेलोटेप लावलेला फोटो रंग सोडू लागतो. अल्बम घेताना पॉलिप्रॉपिलीन या वेगळ्या प्लास्टिकच्या खिशांचा घ्यावा. पाठीमागे तारीख, ठिकाण आणि डावीकडून उजवीकडे नावे लिहावीत, आणि ती शाई पूर्ण वाळेपर्यंत फोटो एकावर एक रचू नयेत.

शेवटी वापरलेल्या रिबनविषयी. ती उजेडात धरून पाहिली, तर छापलेल्या प्रत्येक फोटोची उलटी प्रतिमा तिच्यावर स्पष्ट दिसते, कारण जिथला रंग कागदावर गेला तिथे फीत फिकी झालेली असते. घरातल्या मुलांचे, ओळखपत्रांचे, खासगी प्रसंगांचे फोटो अशा रीतीने सुक्या कचऱ्यात जाऊ द्यायचे नसतील, तर कॅसेट उघडून किंवा फीत ओढून घेऊन तिचे कात्रीने बारीक तुकडे करावेत, आणि मगच प्लास्टिकचे कवच व तुकडे वेगवेगळे टाकावेत.